जोडी जुळवली, पण नाव कोणी घेतले?

१.
मालिकेतल्या दोन मैत्रिणींची नजरानजर क्षणभर लांबली की तासाभरात तिची चित्रफीत फिरू लागते. त्यावर गाणे चढते, दोघींची नावे जोडून तिसरे नाव तयार होते आणि खाली कोणीतरी लिहिते : ‘हाच लेस्बियन प्रतिनिधित्वाचा लढा.’ या धाग्यात मी या शेवटच्या वाक्याशी भांडणार आहे. जोडी जुळवण्याच्या आनंदाशी माझे वैर नाही. त्या आनंदाला ‘पाठबळ’ म्हणण्याशी आहे. साक्षीपुरावे मराठी रंगभूमी, रत्नागिरी जिल्ह्यातला एक बंडखोर संपादक आणि मुंबईची चित्रपटगृहे यांच्या इतिहासातून काढतो. धागा लांब आहे, सावकाश वाचा.

२.
आधी शब्दाचे कुळ पाहू. ‘शिप’ हे ‘रिलेशनशिप’ या शब्दाचे शेपूट. १९९० च्या दशकात ‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेतील मल्डर आणि स्कली यांचे जुळावे असे वाटणारे चाहते स्वतःला ‘शिपर’ म्हणवू लागले. प्रथा मात्र त्याहून जुनी. १९७० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’मधील कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांची प्रेमकथा कल्पून चाहते, आणि त्यांतही बहुतेक स्त्रिया, घरगुती अंक छापून टपालाने वाटत असत. स्त्री-स्त्री जोडीचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘झीना : वॉरियर प्रिन्सेस’ (१९९५–२००१). झीना आणि गॅब्रिएल यांच्यात नेमके काय आहे, हे त्या मालिकेने सहा हंगाम सुचवत ठेवले आणि निःसंदिग्ध शब्दांत कधी सांगितले नाही.

३.
आता कसोटी ठरवू, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. आपल्याकडे नवी सून दाराशी आली की तिला अडवतात : नाव घे. या प्रथेतली बाईची अडवणूक आपण जाणतोच. पण तिच्यामागची सामाजिक समज मार्मिक आहे. उखाण्यातली कविता कितीही सुमार असो, चारचौघांत नाव उच्चारले गेले की नाते मानले गेले. माझी कसोटी हीच. प्रतिनिधित्व म्हणजे चारचौघांत, स्वतःच्या जबाबदारीवर, नात्याचे नाव घेणे. मग ते लेखकाने घेवो, अभिनेत्रीने घेवो, संपादकाने घेवो किंवा रस्त्यावर फलक धरून उभ्या राहिलेल्या बाईने घेवो. शिपिंग या कसोटीला उतरते का?

४.
पहिला पुरावा रंगभूमीचा. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७), १९११ साली ‘मानापमान’मध्ये भामिनी झाले, १९१६ साली ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी आणि १९१९ साली ‘एकच प्याला’मध्ये सिंधू. त्यांची नेसण, त्यांची केशरचना, त्यांचे दागिने घरंदाज स्त्रियांनी उचलले. आज ज्याला चाहतेवर्ग म्हणतात त्याची सगळी लक्षणे तिथे होती : अनुकरण, छायाचित्रे, भक्ती, भांडणे. सिंधूसमोर सुधाकर म्हणून उभे राहत ते गणपतराव बोडस. दोघेही पुरुष. अख्खा महाराष्ट्र त्या संसारासाठी रडला.

५.
चाहत्यांना अमुक जोडी एकत्र पाहायची असते, हेही नवे नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन मंडळ्यांचे चाहते, जे एरवी एकमेकांवर तुटून पडत, त्या रात्री एकाच छताखाली बसले. मराठी रंगभूमीच्या इतिहासातली ही बहुधा सर्वांत उत्कंठेने पाहिलेली जोडी, आणि ती दोन पुरुषांची.

६.
हा प्रकार केवळ शहरी नव्हता. आमच्या रत्नागिरीत शिमग्याच्या दिवसांत गावोगाव नमन-खेळे रंगतात. गण होतो, संकासुर येतो, मग गवळण. परंपरेने गवळणी पुरुष आणि त्यांची मावशीही पुरुषच. दक्षिणेला दशावतारात राणीचे काम करणारा नट आजही मंडळाचा मानबिंदू असतो. उलट बाजूही होती. विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या स्त्रियांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्या निघाल्या आणि त्यांत नायकही बाईच होई. म्हणजे नायक-नायिका म्हणून उभ्या राहिलेल्या दोन स्त्रिया मराठी प्रेक्षकाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिल्या आहेत.

७.
यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : तिथे देह सारखे असले तरी पात्रे स्त्री-पुरुषच होती, प्रेक्षक भामिनीला पाहत होता, राजहंसांना नव्हे. मान्य. आजच्या शिपरचे उलट असते. पात्रे दोन्ही स्त्रिया, संहिता म्हणते ‘मैत्रिणी’, आणि प्रेक्षक म्हणतो ‘प्रेयसी’. फरक खरा आहे. पण मला दाखवायचे आहे ते दोन्हींतले साम्य. दोन्हीकडे प्रेक्षकाला हवे ते सुख मिळते आणि कोणालाही काही कबूल करावे लागत नाही. पडदा पडला की जो तो आपापल्या घरी जातो. घरी त्याची मते जिथे होती तिथेच असतात.

८.
मते तिथेच असतात याचा पुरावा त्याच काळात, त्याच मुंबईत आहे. रघुनाथ धोंडो कर्वे, जन्म १८८२, मूळ गाव दापोली तालुक्यातले मुरूड. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचक त्यात प्रश्न पाठवत आणि कर्वे उत्तरे छापत. जे प्रश्न डॉक्टरला विचारता येत नसत, आईबापांना तर नाहीच नाही, ते या मासिकाकडे येत.

९.
१९३४ साली अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्या प्रश्नांत हस्तमैथुन होते आणि समलिंगी आकर्षणही होते. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, वाचकाने विचारले तर ज्ञानाधारित उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, ही त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाच्या अभ्यासाचा आधारही त्यांनी घेतला. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला.

१०.
आता दोन चित्रे शेजारी ठेवा. एकीकडे दोन पुरुषांच्या जोडीवर जीव ओवाळून टाकणारे भरगच्च नाट्यगृह. दुसरीकडे समलिंगी आकर्षणाविषयीच्या एका प्रश्नाला छापील उत्तर दिले म्हणून पिंजऱ्यात उभा असलेला संपादक. नाट्यगृहातल्या त्या अफाट प्रेमातले थेंबभरही न्यायालयापर्यंत पोहोचले नाही, कारण ते प्रेम कशाच्याही बाजूने नव्हते. बाजू घेतली होती कर्व्यांनी, आंबेडकरांनी, आणि ज्यांनी भीतभीत का होईना पत्र लिहून प्रश्न विचारला त्या वाचकांनी. त्या पत्रलेखकांना मी शिपरपेक्षा शतपटीने मोठे मानतो. त्यांनी प्रश्नाला शब्द दिला.

११.
दुसरा पुरावा १९८१ चा. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ त्या वर्षी रंगभूमीवर आले. दिग्दर्शक विनय आपटे. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा या समलैंगिक तरुणीच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, दुसऱ्या महायुद्धाच्या सावलीतला. गोष्ट सांगतो तिचा महाविद्यालयीन मित्र बापू. आजच्या चर्चेत ‘मराठीत असे काही कधी झालेच नाही’ असे ठोकून देणारे भेटतात. त्यांना हे साल पाठ करायला सांगा. दिल्लीतील ‘फायर’च्या गदारोळाआधी सतरा वर्षे मराठी प्रेक्षकासमोर हे नाटक उभे होते.

१२.
आपल्या विषयाच्या दृष्टीने या नाटकाची रचना पाहण्यासारखी आहे. महाविद्यालयाच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते आणि तिची नायिका असते नमा. तिथून मित्राची ओढ सुरू होते. रंगमंचावर ही जोडी चालते. कोणाची हरकत नसते. रंगमंचाखाली उतरताच तीच जोडी कुजबुजीचा, धमकीचा आणि सूडाचा विषय होते. मन्या दळवी त्या नात्याचे हत्यार करतो. मित्राभोवतीची माणसे एकेक करून गळतात आणि शेवटी ती जीव देते. वेषातली जोडी आणि नावातली जोडी यांत समाज किती फरक करतो, हे तेंडुलकरांनी नाटकाच्या पोटातच नाटक घालून दाखवले आहे.

१३.
‘पण मित्रा तर शेवटी मरते! हे कसले प्रतिनिधित्व?’ हा प्रश्न तुमच्या ओठांवर असणार. प्रश्न योग्य आहे आणि तो विचारता येतो, हेच या नाटकाचे मोल आहे. तेंडुलकरांनी स्वतःच्या नावाखाली एक विधान केले. म्हणून आपण आज म्हणू शकतो की तुमची मित्रा फार एकाकी आहे, तिला जगू द्यायला हवे होते, तिची गोष्ट पुरुषाच्याच तोंडून का? ज्या विधानाला कर्ता आहे त्याच्याशी भांडता येते. सूचक नजरेशी कोण भांडणार? निर्माता हात झटकून म्हणतो, ‘आम्ही तर मैत्री दाखवली.’ बोलाचीच कढी, बोलाचाच भात. आणि जेवून तृप्त झालेले मात्र आपण.

१४.
अभिनेत्रीचा वाटाही विसरू नका. जाहिरातीत नाव तिचे, रंगमंचावर देह तिचा, उद्याच्या कामांची चिंता तिची. रोहिणी हट्टंगडी १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा झाल्या आणि जगभर पोहोचल्या. म्हणजे मित्रा साकारल्याने त्यांची कारकीर्द बुडाली नाही. पण हे आपण आज उलटून पाहताना म्हणतो. १९८१ मध्ये भूमिका स्वीकारताना पुढचे साल कोणालाच दिसत नव्हते. जोखीम नेहमी अशीच, शेवट माहीत नसताना घ्यायची असते. जोडी जुळवणाऱ्याला ती घ्यावी लागत नाही. टोपणनावाने खाते उघडले की झाले.

१५.
१९८२ चा ‘उंबरठा’ आठवतो ना? डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शक, शांता निसळ यांची ‘बेघर’ ही मूळ कादंबरी, पटकथा तेंडुलकरांची, सुलभा महाजन स्मिता पाटील. महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांच्या संबंधांचा धागा त्या चित्रपटात आहे. मांडणी सहानुभूतीची म्हणावी तर पुरती तशी नाही. ते नाते बरेचसे संस्थेपुढचा पेच म्हणूनच येते. तरीही ते आहे. ते पाहायला चाहत्याला नजर ताणावी लागत नाही. एका वर्षाच्या अंतराने मराठीत दोन मोठ्या कलाकृतींनी नाव घेतले आणि पुढे बराच काळ तो उंबरठा ओलांडायला फारसे कोणी आले नाही. आपण शोध घ्यायचा तो या खंडाचा. नजरानजरांची मोजदाद त्या शोधाची जागा घेऊ शकत नाही.

१६.
तिसरा पुरावा १९९८ चा. दीपा मेहता यांचा ‘फायर’ सेन्सॉर मंडळाने काटछाट न करता संमत केला; हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली, एवढेच. शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी एकाच घरातल्या दोन जावा साकारल्या होत्या. २ डिसेंबर १९९८ रोजी मुंबईत शिवसेनेच्या महिला आघाडीने चित्रपटगृहांवर हल्ला केला, काचा फोडल्या, खेळ बंद पाडले. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहात तेच घडले. तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी हल्लेखोरांचे कौतुक केले. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि १९९९ च्या आरंभी न कापता परत आला.

१७.
हल्ल्यापेक्षा बचाव मला अधिक बोलका वाटतो. चित्रपटाच्या बाजूने पुष्कळ थोर मंडळी उभी राहिली. दिलीपकुमार, महेश भट्ट यांच्यासारखी माणसे सर्वोच्च न्यायालयात गेली. तो धैर्याचा प्रकार होता. पण बचावाची भाषा बहुतांशी अभिव्यक्तिस्वातंत्र्याची होती. हा चित्रपट समलैंगिकतेविषयी नसून स्त्रियांच्या एकाकीपणाविषयी आहे, असे खुद्द दिग्दर्शिकाही सांगत होत्या. म्हणजे शत्रूला जे स्पष्ट दिसत होते, ते मित्र उच्चारायला तयार नव्हते. दोन बायकांची जोडी सगळ्यांना वाचवायची होती. तिचे नाव मात्र कोणाच्या जिभेवर येईना.

१८.
ते नाव घेतले गेले रस्त्यावर. ७ डिसेंबर १९९८ रोजी दिल्लीत रीगलसमोर निदर्शने झाली. अनेक संघटनांच्या फलकांत एक फलक होता : आम्ही भारतीय आहोत आणि लेस्बियन आहोत, असा इंग्रजीत दावा करणारा. आपल्याच मोर्च्यातले काही सहप्रवासी त्या फलकाने अवघडले. त्या अवघडलेपणातून ‘कॅम्पेन फॉर लेस्बियन राइट्स’ ही मोहीम उभी राहिली. त्याआधी तीन वर्षे, १९९५ मध्ये, मुंबईत ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला होता. पुढे तो ‘लेबिया’ या नावाने ओळखला गेला. त्यांनी ‘स्क्रिप्ट्स’ हे नियतकालिक काढले, एकमेकींना आधार दिला, घरातून पळून आलेल्या मुलींच्या पाठीशी त्या उभ्या राहिल्या. प्रतिनिधित्वाचा इतिहास लिहायचा तर पहिले प्रकरण यांचे.

१९.
आता प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे ऐकू. ‘तालुक्याच्या गावातली एखादी मुलगी रात्री पांघरुणात फोन धरून दोन नायिकांची चाहत्याने लिहिलेली गोष्ट वाचते. तिला कळते की जगात आपण एकट्या नाही. हे पाठबळ नव्हे?’ मी या मुलीचा मनापासून आदर करतो आणि म्हणूनच खोटे बोलणार नाही. तिला मिळतो तो दिलासा आहे, आणि दिलासा फार मोलाचा असतो. पण सकाळी तिच्यासाठी स्थळ सांगून येते तेव्हा घरात काय बदललेले असते? दोन मुली पळून गेल्या की पालक अपहरणाची तक्रार नोंदवतात आणि पोलीस त्यांना शोधून घरी ‘सुपूर्द’ करतात, असे या देशात वारंवार घडले आहे. त्या क्षणी उपयोगी पडतो तो वकील, आधारगट आणि नात्याचे नाव ठाऊक असलेला शेजारी. चित्रफितीला किती हृदये मिळाली हे ठाणे अंमलदार विचारत नाही.

२०.
दुसरे म्हणणे : ‘चाहत्यांच्या रेट्यामुळे कलाकृती बदलतात.’ याचे लाडके उदाहरण ‘द लेजंड ऑफ कोरा’. डिसेंबर २०१४ मध्ये शेवटच्या दृश्यात कोरा आणि असामी हातात हात घालून निघतात. पण नीट पाहा. त्या दृश्यावरही वाद चालूच राहिला होता. तो मिटला केव्हा? काही दिवसांत दोन्ही निर्मात्यांनी स्वतःच्या नावानिशी लिहून सांगितले की होय, या दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे. चाहत्यांनी वातावरण तयार केले असेल. अर्थ पक्का झाला तो कर्त्याने नाव घेतल्यावर. हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

२१.
तिसरे उदाहरण अधिक कठीण, म्हणून अधिक शिकवणारे. ३ मार्च २०१६ रोजी ‘द १००’ मालिकेत लेक्सा ही समलैंगिक नायिका प्रेमाच्या दृश्यानंतर लगेच मारली गेली. चाहत्या संतापल्या. त्यांनी आत्महत्याप्रतिबंधाचे काम करणाऱ्या ‘द ट्रेव्हर प्रोजेक्ट’साठी एक लाख डॉलरहून अधिक निधी उभा केला आणि काही पटकथाकारांनी अशा पात्रांना अधिक न्याय देण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. हे खरे पाठबळ होते, निर्विवाद. पण त्या चाहत्या तेव्हा करत काय होत्या? पैसे गोळा करत होत्या, मागणी मांडत होत्या, जबाबदार माणसांची नावे घेऊन जाब विचारत होत्या. शिपिंग जिथे थांबते तिथून त्यांचे काम सुरू झाले.

२२.
आणखी एक गैरसोयीची वस्तुस्थिती. चाहत्यांच्या कथांचे सर्वांत मोठे भांडार असलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’वर सर्वाधिक कथा पुरुष-पुरुष जोड्यांच्या आहेत. स्त्री-स्त्री जोड्यांच्या कथा त्यांच्या तुलनेत फारच कमी. त्यामुळे ‘शिपिंग म्हणजे लेस्बियन स्त्रियांचा आवाज’ हे समीकरण भांडार उघडताच कोसळते. कल्पनेचा ओघ जिथे रस वाटतो तिथे वाहतो. न्याय कुठे हवा आहे हे पाहून तो वाहत नाही. त्यात पाप नाही. पण त्याला चळवळ म्हणू नये.

२३.
यात लाभ कोणाचा, तेही पाहा. सूचक जोडी म्हणजे निर्मात्याचे दोन्ही दगडांवर पाय. घरातल्या वडीलधाऱ्यांना मैत्री दिसते, तरुणांना प्रेम दिसते. दोघेही मालिका पाहतात. जाहिरातदार खूश, आणि मोर्चा कोणाचाच नाही. वर चाहते फुकटात प्रचार करतात. झीनाच्या काळी सूचकतेमागे स्टुडिओचा दबाव होता, हे समजण्याजोगे आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधील समलैंगिक संबंधांचा गुन्हा रद्द केला. त्यानंतरही जो निर्माता केवळ नजरानजर विकतो तो भित्रा आहे किंवा धूर्त आहे. आपण त्याच्या भित्रेपणाला कलात्मक संयम म्हणून गौरवतो.

२४.
आता खास तुमच्यासाठी, इतिहासवेड्यांसाठी. हल्ली ऐतिहासिक व्यक्तींच्याही जोड्या जुळवल्या जातात. दोन स्त्रिया एकत्र राहिल्या, एकमेकींना पत्रे लिहिली, की झाले. इथे इंग्लंडमधल्या ॲन लिस्टरची (१७९१–१८४०) कथा लक्षात ठेवा. तिच्या सुमारे पन्नास लाख शब्दांच्या दैनंदिनीचा जवळपास सहावा भाग सांकेतिक लिपीत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या कुळातल्या जॉन लिस्टरने मित्राच्या मदतीने लिपी फोडली. मजकूर पाहून मित्र म्हणाला, जाळून टाक. जॉनने वह्या भिंतीतल्या फळीमागे लपवल्या. १९८८ मध्ये हेलेना व्हिटब्रेड यांनी त्यांतला निवडक भाग प्रसिद्ध केला आणि जगाला कळले की या बाईने आपल्या स्त्रीप्रेमाचे नाव स्वतःच लिहून ठेवले होते. २०१९ ची मालिका नंतर आली.

२५.
तिथे कोणी जोडी जुळवली नाही. कोणीतरी वर्षानुवर्षे लिपी वाचली. आपल्या घराघरांत पडलेल्या पेट्यांत, जुन्या मासिकांच्या पत्रव्यवहारात, न्यायालयाच्या निकालपत्रांत अशी किती नावे वाट पाहत असतील? पुराव्याविना जुळवलेली जोडी उद्या खरा पुरावा सापडला तरी त्याची किंमत कमी करते. लोक म्हणतात, ‘हे तर तुम्ही सगळ्यांबद्दलच म्हणता.’ समलैंगिक स्त्रियांचा इतिहास आधीच पुसट आहे. त्यावर आपल्या हौसेची रांगोळी काढून तो आणखी झाकू नका.

२६.
मग करायचे काय? रत्नागिरी केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी होते आणि हौशी संस्था संहितांच्या शोधात असतात. ‘मित्राची गोष्ट’ वाचा, करा, आणि तिचा शेवट पटत नसेल तर नवे नाटक लिहा. ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक ग्रंथालयात मागा, मागणी झाली की ग्रंथपाल शोधतात. समलैंगिक स्त्रियांनी स्वतः लिहिलेले पुस्तक विकत घ्या, उसने नको. वाहिनीला पत्र लिहा, खाली स्वतःचे नाव घाला आणि विचारा : या दोघी कोण आहेत, ते तुम्ही सांगणार की आम्हीच ओळखायचे?

२७.
१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे आज या देशात दोन स्त्रियांना एकमेकींचे नाव घेऊन उंबरठा ओलांडण्याचा कायदेशीर हक्क नाही. दाराशी त्या अजून उभ्याच आहेत. आत बसून ‘किती गोड जोडी’ म्हणणाऱ्यांची गर्दी वाढली म्हणून दार उघडत नाही. जोड्या जुळवा, गोष्टी लिहा, त्यांत रमा. रसिकतेला बंदी नको. पण त्याला पाठबळ म्हणायचे असेल तर एकदा उठून दारापर्यंत जावे लागेल.

धागा समाप्त. प्रतिवाद जरूर करा. साल आणि पुरावा घेऊन या.